निळे ठिपके

लेथच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे आहेत. चुन्याची भिंत, तिच्यावर तेलकट बोटांचे ठसे, आणि त्या ठशांमधून आण्णांच्या डावीकडं कललेल्या अक्षरात खाली उतरत गेलेल्या चार ओळी: ‘२ – ३ थाऊ. ४ – २. ६ – १. ९ – ठीक.’ दर दोन-तीन वर्षांनी शेडला चुना लागायचा, पण तेवढी वीतभर जागा सोडून. आधी मला वाटायचं, कुणाची तरी उधारी असेल. नंतर वाटलं, एखाद्या जॉबची मापं असतील, पुसायची राहून गेलेली. आण्णांना कधी विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच मनात आलं नाही.

आण्णा, माझे वडील, गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्या ओळींचा अर्थ मला गेल्या पावसाळ्यात कळला.

आमची शेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात. बारा फूट रुंद, तीस फूट खोल. एका बाजूला फाउंड्री, त्यामुळं हवेत कायम जळक्या वाळूचा वास. आण्णांकडं यायचं ते सगळं मोडलेलं. पंचगंगेच्या काठच्या उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांचे व्हॉल्व्ह गाइड, पंपांचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या चरकाचे बुश. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की रात्री दोन वाजता कुणीतरी ट्रॉलीत चरकाचा तुटका शाफ्ट घालून आणायचं. काहील चुलाणावर चढलेली, रस थांबून राहिलेला, त्यामुळं माणूस दारातच उभा. आण्णा उठून पायात चपला अडकवायचे. सकाळी आम्ही उठेपर्यंत स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर गुळाची एक ढेप आलेली असायची, आतून अजून कोमट.

या मुलखात यंत्रं बनवण्याची विद्या दुरुस्तीच्या पोटी जन्माला आली, असं मला वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्या विकता-दुरुस्त करता करता कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापुरातही तेच. परदेशातून आलेली इंजिनं नादुरुस्त व्हायची, सुटा भाग मागवावा तर महिनोन्‌महिने जायचे, तेव्हा इथल्या मेस्त्र्यांनी तो भाग उघडून पाहिला, मापला, साचा केला, ओतला. एक भाग जमला की दुसरा. असं करत करत एक दिवस सगळं इंजिन. मोडलेली वस्तू उघडून पाहणाऱ्याला ती कशी केली होती हे कळतं. धडधाकट वस्तू तेवढं सांगत नाही.

आण्णांचा लेथ साडेचार फुटी. नाव कोरलेली पट्टी कधीच निखळून गेलेली, रिव्हेटची दोन भोकं तेवढी शिल्लक. आपल्याकडं लेथ बटाल्याला होत, राजकोटला होत, म्हैसूर किर्लोस्करांच्या हरिहरच्या कारखान्यात १९४१ पासून होत. आमचा कुठला, ते आण्णांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनीही तो जुनाच घेतलेला. त्याचा लीड स्क्रू इंची, इंचाला चार आटे. आणि त्याच्याबरोबर आलेल्या गिअरांमध्ये एक गिअर एकशेसत्तावीस दातांचा.

या गिअरपाशी मला थोडं थांबायचं आहे. मी कॉलेजात गणित शिकवते, आणि आकड्यांवर माझा जीव जडला तो वर्गात नव्हे, या गिअरपाशी. तो ताटलीएवढा मोठा, बाकीच्या गिअरांपासून वेगळा, भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, १९५८ पासून ती लागू होत गेली. पण कायदा झाला म्हणून शेतातली इंजिनं बदलली नाहीत. जुन्या इंजिनाला इंची आटा, नव्या पंपाला मिलिमीटरचा, आणि दोन्ही एकाच लेथवर पाडायचे. इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. २५.४ ला पाचानं गुणलं की १२७. आणि १२७ ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही. त्यामुळं बाकीचे दात कसेही बदलले तरी इंचाकडून मिलिमीटरकडं अगदी बरोबर जायला तो एवढा मोठा गिअर लागतोच, त्याला आडवाट नाही. वीस दातांचा गिअर इकडं, एकशेसत्तावीसचा तिकडं, की इंची लीड स्क्रू बरोबर एक मिलिमीटरचा आटा पाडतो. हे आण्णांनी मला बारा वर्षांची असताना दात मोजायला लावून दाखवलं होतं. मूळ संख्या हा शब्द त्यांना माहीत नव्हता. ते म्हणायचे, ‘हा कुणाशी जुळत न्हाई, म्हणून सगळ्यांना जोडतोय.’

शेड विकायची ठरली तेव्हा मी कुलूप काढलं. भंगारवाल्यानं लेथकडं पाहिलं, बेडवर टिचकी मारली, बिडाचा किलोचा भाव सांगितला. त्याचं चुकीचं काही नव्हतं. पण समोरच्या शेडमध्ये काम करणारा, आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, ‘मॅडम, हा चालतोय का? चालत असला तर मी भाड्यानं घेतो.’ मी म्हटलं, बघू. आणि भंगारवाल्याला पाठवून दिलं.

सुट्ट्यांमध्ये आण्णांच्या हाताखाली लेथ चालवलेला होता, तेवढ्या भांडवलावर मी एक शाफ्ट चकात धरला आणि दहा इंच लांबीचा काट घेतला. मायक्रोमीटर लावला. टेलस्टॉकच्या बाजूला जे माप, ते चकाकडं येता येता वाढत गेलं होतं. चकापासून नऊ इंचांवर ठीक. सहा इंचांवर दोन थाऊ जास्त. चारवर चार. दोनवर सहा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, डोक्यावरचा केस असतो दोन-तीन थाऊ जाड. कागदावर आकडे मांडले आणि मान वर केली, तर तेच आकडे समोर भिंतीवर. निम्मे. डायलवर टूल तीन थाऊ आत घेतलं की व्यास सहा थाऊंनी कमी होतो, म्हणून निम्मे.

ती उधारी नव्हती आणि कुठल्या जॉबचं मापही नव्हतं. लेथ कुठं किती झिजला आहे, त्याचा तो नकाशा होता. आण्णा जॉब घेत असताना त्यांचा उजवा हात क्रॉस स्लाइडच्या मुठीवर असायचा, आणि टूल चकाकडं सरकत जाई तशी ती मूठ नकळत फिरत जायची. नकळत म्हणजे आम्हाला न कळत. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. मला वाटायचं, सवय असेल. यंत्र वाकडं कापत होतं आणि ते तेवढंच उलटं वाकडं फिरवत होते, आणि दोघांमधून जो शाफ्ट बाहेर पडायचा तो सरळ असायचा.

मेस्त्रीकाकांना बोलावलं. आण्णांच्या बरोबरीचे, आता पंचाहत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर त्यांनी मशिनांचे बेड स्क्रेपिंग करून सरळ केले. त्यांनी काही न बोलता बेडवरून तळहात फिरवला, चकाजवळ आला तसा हात थांबला. ‘हितं खाल्लाय बघ, बाळ.’ मी पण हात फिरवला. मला काही लागलं नाही. त्यांनी पोलादाची सरळ पट्टी ठेवली, खालून बॅटरी धरली. पट्टीच्या खालून प्रकाशाची एक फट दिसली, टोकाला बंद, मध्ये बारीक, चकाजवळ जरा उघडी.

चकाजवळच का? कारण आण्णांचे बहुतेक जॉब तोकडे. गाइड, बुश, पिना, सगळं पाच-सहा इंचांच्या आतलं. टूल वाहणारा सॅडल त्या तेवढ्याच पट्ट्यात पुढं-मागं करत राहिला. बिडाची बारीक भुकटी तेलात मिसळून सॅडलखाली शिरायची आणि कानशीसारखं काम करायची. लांब शाफ्ट क्वचित, म्हणून टेलस्टॉककडची बाजू नव्यासारखी. त्या खळग्यावर हात ठेवून मी उभी राहिले तेव्हा मनात आलं, इथं आण्णांनी केलेली सगळी कामं आहेत. गिऱ्हाईक घेऊन गेलं ती नव्हेत, ती करताना जे गेलं ते. चाळीस वर्षांचे व्हॉल्व्ह गाइड, तीन थाऊ खोल.

आणि ते आता खरवडून काढायचे.

आठ दिवस मी मेस्त्रीकाकांना काही कळवलं नाही. भिंतीवरचे आकडे मी पाठ करू शकत होते. आण्णांसारखा हात फिरवायला शिकले असते. लेथ जसा आहे तसा राहिला असता, त्यांच्या मापाचा. नवव्या दिवशी काका स्वतःच आले. पिशवीतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या बिडाच्या तीन पाट्या काढून त्यांनी बाकावर मांडल्या. प्रत्येक वीतभर चौरस. उमेदवारीत त्यांनी स्वतः केलेल्या.

‘हातात कायबी सरळ नसताना सरळ कसं करायचं?’ त्यांनी विचारलं. ‘दोन पाट्या घे. एकीला नीळ लाव, दुसरीवर घास. जितं नीळ लागल तितं उंच. ते खरवड. पुन्हा लाव, पुन्हा घास. शेवटाला दोन्ही एकमेकीला अशा बसतील की मधी केस जाणार न्हाई. झालं सरळ?’

मी जरा विचार करून म्हटलं, ‘नाही. एक फुगीर असेल आणि दुसरी तेवढीच खोलगट असेल, तरी बसतील.’

‘मग?’

‘मग तिसरी लागेल.’

त्यांनी तिसरी पाटी बोटानं पुढं सरकवली.

हे गणित मला पुस्तकातून माहीत होतं. जोसेफ व्हिटवर्थनं १८४० मध्ये ग्लासगोच्या एका सभेत हीच रीत मांडली. तो त्याआधी लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात काम केलेला. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली, अशा तिघी एकमेकींवर आळीपाळीनं, फिरवून फिरवून घासून तिन्ही कशाही जुळल्या तरच त्या सपाट असतात, दुसरा कुठलाच आकार तिघींना एकाच वेळी जुळू शकत नाही. आधीच्या कुठल्याही सरळ वस्तूचा आधार न घेता, नुसत्या तीन ओबडधोबड तुकड्यांतून, हातानं, सपाटपणा उत्पन्न होतो. मला हे यंत्रयुगातलं सगळ्यांत सुंदर वाक्य वाटतं. जगातले लेथ, मोजपट्ट्या, इंजिनं या सगळ्यांचा सरळपणा कुठंतरी मागं जाऊन अशाच तीन पाट्यांपाशी पोचतो. पण पुस्तकात वाचताना मला त्या तीन पाट्या तीनच वाटल्या होत्या. आमच्या शेडमध्ये पहिली आणि दुसरी कोण, ते मी त्या दिवशी पाहिलं. आण्णा आणि लेथ एकमेकांना नीट बसले होते. समोरच्या शेडमधला मुलगा दारात उभा होता.

‘कधी सुरू करायचं?’ मी विचारलं.

सुरुवात मात्र बेडपासून झाली नाही. काकांनी आधी बेडवर आडवी लेव्हल ठेवली, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. बुडबुडा दोन्हीकडं वेगळं सांगत होता. चकाकडच्या कोपऱ्याखालची जमीन दबली होती, आणि बेडला पिळा पडला होता. पितळी शिमचे तुकडे पायाखाली सारत, बोल्ट पाव पाव आटा आवळत, रात्रभर तसंच बसू देऊन सकाळी पुन्हा बघत, असं चार दिवस चाललं. पिळा गेला आणि पुन्हा काट घेतला तर सहा थाऊंचे साडेतीन उरले. दोष जवळजवळ निम्मा जमिनीचा होता. जमीन आण्णा असतानाच दबली की शेड बंद असताना, हे काकांनाही सांगता येईना. मग माझ्या लक्षात आलं, पहिल्या दिवशी माझे आकडे भिंतीवरच्या आकड्यांच्या नेमके दुप्पट आले होते. नऊ वर्षांत काही हललं नव्हतं. दबलेल्या जमिनीलाही त्यांनी आपल्या मनगटात जागा दिली होती.

मग नीळ. खरं तर तो निळा रंग ट्यूबमधून येतो, पण काका नीळच म्हणतात. सरळ पट्टीला तो बोटानं इतका पातळ लावायचा की पट्टी निळी दिसू नये, निळसर दिसावी. पट्टी बेडवर ठेवून दोन बोटं पुढं-मागं सरकवायची आणि उचलायची. करड्या बिडावर निळे ठिपके उमटलेले असतात. ते ठिपके म्हणजे उंचवटे. प्रत्येक ठिपक्यावर स्क्रेपरचा एक छोटा झटका, मनगटातून नव्हे, कमरेतून. जुन्या कानशीला धार लावून केलेला स्क्रेपर, त्याची मूठ पोटाशी टेकलेली. बिडाची भुकटी निघते, मिरपुडीएवढी. पुसायचं, पुन्हा नीळ, पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके. पहिल्या दिवशी चार फुटांत सात ठिपके होते, सगळे टेलस्टॉककडं. जिथं आण्णांचा लेथ झिजला नव्हता तिथं आता खरवडायचं होतं, खळग्याच्या पातळीपर्यंत. म्हणजे खळगा जागच्या जागी राहणार, बाकीचा बेड त्याच्याकडं उतरत येणार. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ते आठ दिवस गेले नसते.

सहा आठवडे. संध्याकाळी कॉलेजातून सुटल्यावर दोन तास, रविवारी सकाळपासून. बाहेर पाऊस. ठिपके सातावरून वीस झाले, वीसवरून मोजायचे बंद केले. हळूहळू ते बेडभर पसरत चकाकडं यायला लागले, पहिल्या पावसात अंगणात थेंब पडत जातात तसे. एका झटक्यानं जे निघतं ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, निळीलाच कळतं. काकांचा झटका आणि माझा झटका वेगळा ओळखू यायचा. त्यांचे एकसारखे, चंद्रकोरीसारखे. माझे सुरुवातीला लांबट, घाबरलेले, नंतर जरा आखूड. स्क्रेपिंग झालेला बेड गुळगुळीत नसतो. त्याच्यावर असंख्य उथळ खळगे असतात, आणि त्या खळग्यांत तेल थांबतं, म्हणून सॅडल सरकतो. पार गुळगुळीत केला असता तर दोन्ही धातू एकमेकांना चिकटले असते.

असे खळगे मी आधी कुठंतरी पाहिले होते. तिरपा उजेड पडल्यावर एकदम आठवलं.

माझं आजोळ पुण्यात, कसबा पेठेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी जाग यायची ती तांबट आळीतल्या ठोक्यांनी. एक ठोका नाही, पन्नास हातोड्यांचे, प्रत्येकाचा ताल वेगळा, आणि सगळ्यांचा मिळून एक. ही त्वष्टा कासारांची वस्ती, पेशवाईच्या काळात कोकणातून आलो असं ते सांगतात. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या, पातेली. घरोघर गिझर आले तसे बंब कमी झाले, स्टील आलं तशी पातेली, पण मठार अजून ऐकू येतो. मठारणे हा शब्द मी तिथं शिकले. आकार दिलेल्या भांड्याला वरून एकाला एक लागून ठोके देत जायचं, की भांडं ताठ होतं आणि अंगावर लहान लहान उजेडाच्या चकत्या उमटतात. तीच चकती आता बिडावर होती.

आणि नेमकं तेव्हाच मला पत्र्याचं काम शिकायचं होतं. लेथच्या डाव्या अंगाचं गिअरांवरचं झाकण बिडाचं होतं, ते कधीकाळी पडून फुटलेलं. आण्णांनी ते पुन्हा केलं नाही. त्यांना रोज गिअर बदलावे लागत, झाकण म्हणजे त्यांना अडथळा. पण उघड्या गिअरांशी त्या मुलाला उभं करायची माझी तयारी नव्हती. बाजारात तयार झाकण मिळणार नव्हतं, म्हणून वीस गेजचा पत्रा आणला, साधारण एक मिलिमीटरचा. पेटीसारखा आकार, फक्त पुढचे दोन कोपरे वाटीसारखे गोल. पेटी वाकवून झाली. कोपरे होईनात. मोगरीनं ठोकावं तर पत्रा एका बाजूनं सुरकुतायचा, दुसऱ्या बाजूनं फाटायला यायचा.

पुण्याला गेले. मामांच्या ओळखीचे एक वृद्ध तांबट अजून कामाला बसतात. मी माझा कोपरा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, फिरवला, परत दिला आणि स्वतःच्या हंड्याकडं वळले. ‘माझ्या उजव्या हाताकडं बघू नका,’ एवढंच म्हणाले. मग मी डावीकडं पाहिलं. हातोडी प्रत्येक वेळी एकाच जागी पडत होती, बरोबर खालच्या लोखंडी खुंट्याच्या माथ्यावर. हंडा फिरत होता. डावा हात त्याला बोटाच्या पेराएवढा पुढं आणायचा, जरा कलता करायचा, आणि ठोका आपोआप नव्या जागी बसायचा. उजवा हात नुसता ताल धरून होता, आकार डाव्या हातातून येत होता.

सुरकुतीचं उत्तर मात्र आजीनं दिलं, तिला न विचारता. दुपारी ती संकष्टीचे मोदक वळत होती. उकडीची पारी हातावर घेऊन, अंगठ्यानं मध्यभागी दाबत, कडेला चिमटीनं मुखऱ्या पाडत. पारी सपाट आहे तोवर तिची कड लांब आहे. तिची वाटी करायची तर मधला भाग ताणावा लागतो, नाहीतर कडेचं जास्तीचं कुठंतरी सामावावं लागतं. मुखऱ्या म्हणजे त्या जास्तीच्या कडेचा हिशेब. वर्गात मी वक्रतेवर व्याख्यानं दिलेली, आणि माझ्या कोपऱ्याला तेच हवं होतं हे मला मोदक बघून कळलं. पत्र्याच्या कडेला पक्कडीनं मुखऱ्या पाडायच्या, आणि मग प्रत्येक मुखरी टोकाकडून आत आत अशी ठोकत जायची की ती पलीकडं न उलटता स्वतःतच जिरावी. पत्रा तिथं जाड होतो. मधला भाग वाळूच्या पिशवीवर ठोकून खोल करायचा, तिथं पत्रा पातळ होतो. एकच पत्रा, एका कोपऱ्यात दोन जाडीचा.

तांब्याला हे सोपं जातं. ठोकून ठोकून ते कडक झालं, नाद बदलला, की लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचं, पुन्हा मऊ. पोलादी पत्र्याला पाणी दाखवायचं नाही. तो तापवून राखेत ठेवून आपल्या आपण निवू द्यायचा. मी माझे कोपरे तीनदा तापवले. पहिला कोपरा फाटला, त्याचा तुकडा मी ठेवला आहे. दुसरा जमला, तिसरा त्याहून बरा. पिशवीवरचे खाचखळगे मग खुंट्यावर धरून हलक्या हातोडीनं मठारले, ठोक्याला ठोका लावत. एकाच जागी मारायचं आणि फिरवायचं, हे जिथं जमलं तिथं चकत्या सारख्या उमटल्या. इतर ठिकाणी ते दिसतं.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सॅडल परत चढवला. त्याच्या पोटाशीही स्क्रेपिंग करून तो नव्या बेडला बसवावा लागला, ते आणखी दोन आठवडे, त्यांबद्दल लिहीत नाही. बेल्ट लावला. एकशेसत्तावीसचा गिअर खिळ्यावरून उतरवून जागेवर चढवला, कारण पहिलाच जॉब मिलिमीटरच्या आट्याचा होता. झाकण चार स्क्रूंनी बसलं. मुलानं शाफ्ट धरला, दहा इंचांचा काट घेतला. त्याचा उजवा हात मुठीवर होता, स्थिर. त्यानं मायक्रोमीटर लावला, टेलस्टॉककडं, मध्ये, चकाजवळ. पुन्हा चकाजवळ. मग माझ्याकडं पाहून मान हलवली.

तो मागं सरकला तेव्हा त्याची नजर भिंतीकडं गेली. ‘मॅडम, हे कशाचे आकडे?’

मी सांगायला लागले. आण्णांचा हात कसा फिरायचा, ते हवेत मूठ धरून दाखवत होते, तेवढ्यात मेस्त्रीकाकांनी बोट वर करून मला थांबवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. गिअरांच्या आवाजात एक वेगळा आवाज होता, बारीक, थरथरता. त्यांनी झाकणाच्या अंगावर तळहात टेकवला, सरकवत सरकवत डाव्या कोपऱ्याखाली आणला. आवाज थांबला. हात काढला, पुन्हा सुरू. ‘हितं ढिलं हाय,’ ते म्हणाले. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. पत्रा टक्‌ करून आत गेला, सोडल्यावर टक्‌ करून बाहेर आला. मधे जास्तीचा ताणला गेलेला. अशा जागेवर ठोकायचं नसतं, ठोकलं तर आणखी वाढतं. तिच्या भोवतालचा पत्रा ठोकून ताणायचा, की मधलं आपोआप ओढलं जातं.

लेथ बंद केला. चार स्क्रू काढले. झाकण उचलून लोखंडी खुंट्यावर धरलं, पण मला एकटीला ते पेलेना. मुलाला बोलावलं. त्यानं दोन्ही बाजूंनी धरलं. मी हातोडी घेतली आणि त्याला म्हटलं, ‘मी एकाच जागी मारणार. फिरवायचं तू.’